पाव मात्रा

हल शहरात, आमच्या जिन्याखाली एक कपाट आहे.
आधीच्या घरवाल्यांचा व्हॅक्यूम क्लीनर तिथे राहायचा,
आता चाकवत राहतो.
अठ्ठावीस स्पंजाचे ठोकळे, अठ्ठावीस रोपं,
आणि सोळा तासांचा दिवस,
माझ्या बोटानं उजाडणारा.
बाहेर एप्रिल, हंबरवरून येणारा वारा,
कुणाच्या तरी डब्याचं झाकण गल्लीभर फिरवणारा.

बी धाकट्या जावेनं पाठवलं होतं
मुंजीच्या पत्रिकेच्या पाकिटातून.
मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत.
पाकीट फोडताना शिंकले असते
तर सगळा वंश गालिच्यात गेला असता.

पहिले आठ दिवस काही द्यायचं नाही.
हे मला सगळ्यात अवघड गेलं.
दोन दलांमध्ये ती आपापला डबा घेऊन आलेली असतात,
तो संपेपर्यंत नुसतं पाणी.

पाणीही इथलं नुसतं नाही.
खडूच्या टेकड्यांतून झिरपत येतं,
किटलीच्या तळाशी पांढरं बसतं,
मीटर बुडवला तर
काहीच न घालता आकडा दाखवतं.
म्हणून बादली रात्रभर उघडी,
सकाळी आम्ल, थेंब थेंब,
परीक्षानळीत निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं,
लिंबाच्या सालीइतकं पिवळं झालं की बास.

मग पहिलं खरं पान येतं,
कडेला दातेरी, अंगावर पिठी.
तेव्हा बाटल्या काढायच्या, अ आणि ब.
दोघींची थेट गाठ घालायची नाही,
गढूळ होतात, तळाला बसतात,
कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत.
आधी अ, मग भरपूर पाणी, ढवळणं, मग ब.
मला माझ्या दोघी नणंदा आठवल्या.
हसले, एकटीच, कपाटात डोकं घालून.

डब्यावर छापलं होतं: रोपांना पाव मात्रा.
मी हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करते,
दिवसभर परक्यांचे मिलिलिटर मोजते,
माझा हात हलत नाही.
त्या मंगळवारी हलला.
इवलीशी दिसली.
म्हटलं, घ्या गं थोडं, एवढ्यानं काय होतंय,
आणि वाढत गेले,
आणि त्यांच्यापाशी
ताटावर आडवा धरायला हात नव्हता.

गुरुवारी पानांची टोकं तपकिरी,
जास्त भाजलेल्या पापडाच्या कडेसारखी.
नऊ गेली.
उरलेल्यांची टाकी ओतून टाकली,
दोन दिवस लंघन.
पंप रिकाम्या पाण्यात बुडबुडत राहिला.

मे महिन्यात शेजारची मॉरीन थॅकरे
आपली शिडी परत न्यायला आली.
दाराच्या फटीतून गुलाबी उजेड.
आधी तिला भलताच संशय आला असावा,
वाकून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"अगं, हे तर माझ्या कचऱ्याच्या डब्यांमागे येतं!
दरवर्षी उपटते मी. संपतच नाही."

पुढचे चार दिवस मी तिकडे गेले नाही.
पाचव्या दिवशी गेले.
होता.
विटांच्या फटीत, पोटरीएवढा,
तीच पिठी, तेच दाते,
कुणी न वाढता वाढलेला.
चुरडून वास घेतला.
मीटर खिशातच होता, का आणला होता
ते आता सांगता येत नाही.

एकोणीस रोपं शिजून मूठभर झाली.
कमी पडला तो गल्लीतून आणला,
तीनदा धुतला,
ताकात डाळीचं पीठ, वर लसणीची फोडणी.
मॉरीनला बोलावलं,
कुठला किती ते सांगितलं नाही.
तिनं चमच्यानं वाटी पुसून घेतली.
मी डाव उचलला.
तिनं वाटीवर हात धरला, आडवा.

मी डाव पातेल्यात ठेवला.